डोळे मिटून कोड ऐकणाऱ्या रेहाना मॅडम

माझ्या कोडला तोंडावर वाईट म्हणणारं आता कोणी उरलं नाही.

रेहाना मॅडमना जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी फाइल सिस्टिम ड्रायव्हरवर काम करते. तुम्ही 'सेव्ह' दाबता तेव्हा तुमची फाइल डिस्कवर नेऊन ठेवणारा, आणि मागितली की परत आणून देणारा, ऑपरेटिंग सिस्टिमचा तो भाग.

त्यात कोणी काहीही बदललं की आधी मॅडम वाचायच्या. त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय एक ओळ आत जायची नाही.

माझ्या पहिल्या बदलावर त्यांची कमेंट एका शब्दाची होती.

"का?"

मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यावर दुसरी कमेंट आली. "निबंध छान आहे. कारण कुठे आहे?"

मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. परत आले तर मॅडम माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेल्या.

"चला केतकी, मिळून शोधू."

संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

मॅडमचं माहेर बुधवार पेठेतलं. वडिलांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बोलणं अस्सल पेठेतलं, कमी आणि लागेल असं. ऑफिसात कालच लागलेल्यांनाही अहो-जाहो.

एकदा आमच्या मॅनेजरना एक बदल घाईने आत हवा होता. क्लायंटला दाखवायचा होता. त्या बदलाने सेव्हचा स्पीड भलताच वाढायचा, कारण फाइल डिस्कवर पोचायच्या आधीच सिस्टिम 'झालं' म्हणून मोकळी व्हायची.

मॅडमनी 'नाही' लिहिलं.

मीटिंग बसली. मॅनेजर म्हणाले, "टेस्ट सगळ्या पास आहेत."

"आणि मध्येच वीज गेली तर?"

"मॅडम, वीज काय रोज जाते का?"

"आपण पुण्यात नवीन का?"

मॅडम उठल्या आणि आम्हा सगळ्यांना लॅबमध्ये घेऊन गेल्या. मॅनेजरच्याच प्रेझेंटेशनची एक कॉपी त्यांनी तिथल्या मशीनवर सेव्ह केली. स्क्रीनवर 'झालं' आलं. त्यांनी वाकून प्लग काढला.

मशीन परत सुरू केलं. फाइल जागेवर होती. नाव बरोबर, साइझ बरोबर. उघडली तर आत काहीच नाही.

"आता हे दाखवा क्लायंटला," म्हणाल्या.

बदल थांबला. मॅनेजर मात्र ते विसरले नाहीत. टीम लीड मॅडमच होणार असं आम्ही धरून चाललो होतो. झालं दुसरंच कोणी.

जेवताना मी चिडून विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. मी काय दगड आहे?" डब्याचं झाकण काढत त्या म्हणाल्या. मग पोळीचा तुकडा मोडत, "पण कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतील हो त्या डिस्कवर."

मग आजारपण आलं. त्यांनी नोकरी सोडली. औषधांनी नजर अंधुक झाली, स्क्रीनकडे बघवेना.

मी शनिवारी दुपारी वारज्याला त्यांच्या घरी जायला लागले. पहिल्या वेळी फळं नेली होती. त्यांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लॅपटॉप आणलास? वाच."

त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या.

आमचा ड्रायव्हर ओपन सोर्स, कोड सगळ्या जगाला खुला, त्यामुळे वाचून दाखवायला कुणाची हरकत नव्हती. पण कोड ही काही मोठ्याने वाचायची गोष्ट नाही. सगळे कंस आणि अर्धविराम. तरी मी वाचायचे, आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. एक बोट तेवढं चादरीवर ओळीगणिक हलायचं.

त्यांचे मिस्टर, इक्बालभाई, चहा ठेवून जायचे. "दोघींना दुसरा विषय नाही," म्हणायचे आणि दारातच थांबून ऐकायचे.

एका शनिवारी मी टीममधल्या एकाचा बदल वाचत होते. आदल्या दिवशी मी स्वतः तो तपासला होता, मला काही वावगं दिसलं नव्हतं. मॅडमना झोप लागली असं वाटून मी आवाज बारीक केला.

"थांब."

"काय झालं?"

"वर कुलूप लावलं. मध्ये एरर आली की तिथूनच बाहेर पडतोय. मग ते कुलूप काढलं कुणी?"

मी वर जाऊन पाहिलं. खरंच. फाइलला मध्येच दुसऱ्या कोणी हात लावू नये म्हणून लॉक घेतलेला, आणि त्या एका वाटेवर तो सोडलेलाच नव्हता. कधीतरी कुणाचं तरी मशीन तिथे अडकून बसलं असतं.

डोळे न उघडता मॅडम हसल्या. इतक्या महिन्यांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

इक्बालभाईंनी दारातून विचारलं, "सापडली चूक?"

"सापडली," मी म्हटलं.

ते लगेच आत गेले. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत होता.

शेवटच्या भेटीत मी लॅपटॉप उघडायला गेले तर मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आज नको. आज नुसती बस."

मी बसले.

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. आम्ही दोघी ते ऐकत राहिलो. ती एकदाची सुरू झाली तेव्हा "गेला बिचारा," म्हणाल्या आणि त्यांना झोप लागली. हात माझ्या हातावर तसाच होता. मी तो बाजूला केला नाही. इक्बालभाईंनी दिवा लावला तेव्हा उठले.

आता ड्रायव्हरचे रिव्ह्यू मी करते. टीममधले नवीन लोक म्हणतात, मी फार कडक आहे.

त्यांनी तुम्हाला पाहिलं नाही, मॅडम.

शनिवारच्या दुपारचं काय करायचं, ते मला अजून सुचत नाही.

तुमची फार आठवण येते. भरल्या मनाने आदरांजली.