भोपळ्याचा उपास

हसायचं तर हसा, पण आधी तो चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. एका भोपळ्याच्या रोपानं भर सभेत माझी अशी फजिती केली की विचारू नका!

पन्नास सालानंतरची गोष्ट. नागपूरचा मी नवाकोरा मास्तर, गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावी शाळेवर आलो होतो. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी पोरांनी जंगल तुडवत दूर जायचं, म्हणजे जायचंच नाही! मी पारबताबाईंच्या घरी राहत होतो. त्यांची चंद्रा त्याच वर्षी चौथीत. पोरगी हुशार, पण पुढे तिच्या नशिबी गोठाच दिसत होता.

अशात चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, शाळा तपासायला साहेब येणार असं कळलं. शाळा पसंत पडली तर पाचवा वर्ग मिळणार! सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. आणि मी? मी ठरवलं, विज्ञानाचा प्रयोग दाखवून साहेबांना गारच करायचं.

दोन मडक्यांत भोपळ्याची दोन रोपं होती. एक ठेवलं अंगणात, उन्हात. दुसरं पारबताबाईंच्या अंधाऱ्या खोलीत, टोपलीखाली. त्यांना समजावं म्हणून मी अगदी सोपं करून सांगितलं, "बाई, पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर आणि ऊन म्हणजे चूल. पानाला बारीक बारीक तोंडं असतात, त्यातून ते हवा घेतं. मुळांनी पाणी घेतं आणि उन्हावर आपलं जेवण रांधतं. टोपलीखालचं रोप मात्र उपाशी राहणार!"

झालं! कुठून हा शब्द तोंडातून गेला!

"उपासी? काऊन जी गुरुजी, का गुन्हा केला त्यानं?"

"गुन्हा नाही बाई, प्रयोग आहे."

"मंग दुसऱ्याच्या घरी करा ना जी! माह्या घरी कुत्र्याले बी उपासी निजवत नाई."

बातमी गावभर झाली. येणारा-जाणारा दारातून विचारी, "कसं हाये जी आता?" घरात कुणी आजारी असावं तसं! मला वाटलं, वा, विज्ञानाची गोडी लागली गावाला.

साहेब आले. अख्खं गाव शाळेत जमलं. दवाखान्यातून मागून आणलेल्या स्पिरिटात मी दोन्ही रोपांची पानं गरम करून पांढरी केली आणि छाती काढून म्हणालो, "साहेब, पिठाच्या पदार्थावर आयोडीन पडलं की तो निळाकाळा होतो. उन्हातल्या पानानं जेवण रांधलंय, ते निळं होईल. अंधारातलं कोरं राहील!"

पहिलं पान निळं झालं. टाळ्या! दुसऱ्यावर थेंब टाकला, तर तेही निळं. अहो, पहिल्यापेक्षाही जास्त!

"गुरुजी, हे काय?" साहेबांनी विचारलं.

आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण छे! "साहेब, इकडचं जंगल इतकं दाट, की इथल्या झाडांना अंधारात रांधायची सवयच झालीय!"

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

समोर चंद्राचं तोंड एवढंसं झालं. गेली पाचवी, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात पारबताबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. "साहेब, गुरुजीले रागावू नोका. म्याच त्याले जराशी पेज देल्ली."

"पेज?"

"हो जी, तांदळाची. रोज सकाळी. पानाले तोंडं असतेत म्हनलं ना गुरुजीनं, म्हनून पानालेच चोळली. पोरीले पाचवी नाई भेटली तरी चालन, पन घरात एक जीव उपासी ठेवून मी जेवू कशी?"

साहेबांनी ते निळं पान उचलून पाहिलं. मग हसले, आणि असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "ज्या गावात भोपळासुद्धा उपाशी राहत नाही, तिथल्या पोरांना शाळेवाचून कसं ठेवू? पाचवा वर्ग दिला!"

चंद्रानं धावत जाऊन आईला मिठी मारली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? आभार मानायला मी हात जोडून उठलो.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "आणि पाचवीला विज्ञान शिकवायला दुसरा मास्तर पाठवतो."

पाचवा वर्ग मिळाला तेव्हा पडल्या नाहीत इतक्या टाळ्या आता पडल्या हो! आणि सगळ्यात जोरात वाजवत होती ती चंद्रा.