जाळी नसलेली रिंग

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर रिंगला जाळी कधी टिकली नाही. सत्र सुरू झालं की खेळाचे सर नवी नायलॉनची जाळी आणायचे, शिपाईमामा शिडी लावून ती बांधायचे, आणि कोळपणीचे दिवस आले की एखाद्या सकाळी ती जागेवर नसायची. कुठं गेली हे सगळ्यांना ठाऊक असायचं. कोळपताना, म्हणजे ओळींमधलं तण काढताना, बैलानं पिकात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात, आणि बास्केटबॉलची जाळी त्या कामाला इतकी बेतशीर बसते, की बनवणाऱ्यानं बैलाचंच माप घेतलं असावं. एकदा सरांना बीडबाहेर रस्त्याकडेच्या शेतात आमची जाळी तोंडाला बांधलेला बैल दिसला. ते मोटारसायकल थांबवून उतरले, थोडा वेळ बैलाकडं बघत उभे राहिले आणि परत गाडीवर बसले. आम्हाला म्हणाले, "त्याला आपल्यापेक्षा जास्त गरज आहे." त्या वर्षापासून त्यांनी जाळी आणणं सोडून दिलं.

जे कधी जाळी नसलेल्या रिंगवर खेळले नाहीत त्यांना यातली अडचण कळायची नाही. बॉल रिंगला न लागता नीट आत गेला तर आवाज होत नाही, काही हलत नाही. समोरून मारणाऱ्याला तो आतून गेला की रिंगच्या पुढून खाली पडला हे कळत नाही. सकाळी तर बघायलाच नको. आमची चांगली रिंग पूर्वेकडची, म्हणजे सराव करायच्या वेळेला सूर्य बरोबर बोर्डाच्या मागं. डोळे बारीक करून बॉल वर फेकायचा आणि देवावर हवाला ठेवायचा. यावरून आमच्यात इतकी भांडणं व्हायची की शेवटी सरांनी नियम घालून दिला: एकीनं रिंगखाली उभं राहायचं. बॉल आतून आला तर "बसला" म्हणायचं, नाहीतर "गेला". तिचा शब्द शेवटचा. कुणी वाद घातला तर मैदानाला फेऱ्या.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. लिंबागणेशहून शिकायला आलेली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, अभ्यासात जेमतेम आणि बोलायला फटकळ. ते कोर्ट सोडलं तर कॉलेजात मला शोधत कुणी आलं नसतं. कोर्टावर मात्र मला जागा होती, आणि ती जागा त्या वर्षी माझ्या हातून निसटत चालली होती.

माझं काम मधला शॉट मारायचं. हा शब्द सरांचा. ते म्हणायचे, रिंगखाली समोरच्या उंच पोरी असतात, तिथं तुझं काही चालायचं नाही. लांबून मारायला तुझ्या मनगटात तेवढा जोर नाही. तुझं पोट भरायचं ते मधल्या जागेवर. रिंगसमोरच्या फ्री थ्रोच्या रेघेच्या आसपास पळत यायचं, एकदम थांबायचं, सरळ वर उडी घ्यायची आणि वर असतानाच बॉल सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण उडीच्या टोकाला एक क्षण असा येतो की माणूस चढतही नसतो आणि उतरतही नसतो. त्या क्षणाला मनात शंका आली की बोटं आखडतात आणि बॉल तोकडा पडतो.

माझ्या मनात शंका आदल्या वर्षी शिरली. एका सामन्यात शेवटी शेवटी मी अगदी मोकळी होते, समोर कुणी नव्हतं, आणि मी मारलेला बॉल ना रिंगला लागला ना बोर्डाला. सरळ मागच्या भिंतीवर गेला. प्रेक्षकांत हशा पिकला. हरल्याचं मला फार वाटलं नाही, पण ते हसणं कानात राहिलं. त्यानंतर मी मारणंच सोडलं. बॉल आला की जवळ कोण आहे ते बघून देऊन टाकायचे. याला मी समजूतदारपणा म्हणत होते. सर म्हणत नव्हते.

"तू मारत न्हाईस हे समोरच्यांना कळलंय," एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "तुला सोडून देतेत आन् पाच जणी मिळून आपल्या चौघींना अडवतेत. हिवाळ्यातल्या स्पर्धेपर्यंत मधला शॉट मारणार असशील तर खेळ. न्हाईतर बाहेर बस. मी दुसरीला घेतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

म्हणून मी बाकीच्या मुली यायच्या आधी एकटीच मैदानावर जायला लागले. पण एकटीनं सराव करायचा तर रिंगखाली कोण उभं राहणार? ते काम अंगावर घेतलं वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं. ती तेलगावकडची, चांगली उंच, संघात रिंगखाली खेळायची. मला ताई म्हणायची, आणि तिचं ताई म्हणणं नुसतं तोंडदेखलं नव्हतं. मी बसल्याशिवाय ताटावर बसायची नाही. सामन्यात स्वतः रिंगच्या हातभर अंतरावर असली तरी आधी मान वळवून मी कुठं आहे ते बघायची आणि बॉल मला द्यायची. सर त्यावरून तिच्यावर किती ओरडायचे. "अगं हे काय हळदीकुंकू हाय का, आधी थोरलीला द्यायला?" ती मान खाली घालून हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा मलाच द्यायची.

तर ती रिंगखाली उभी राहायची, ओढणी कमरेला घट्ट बांधून, सूर्याकडं पाठ करून. मला तिचा चेहरा दिसायचा नाही, नुसती काळी आकृती. मी उडी मारायची, बॉल त्या उजेडात नाहीसा व्हायचा, आणि मग तिचा आवाज यायचा.

"बसला."

पहिल्यांदा तो शब्द ऐकून मला बरं वाटलं. "गेला" पण यायचं अधूनमधून, नाही असं नाही. पण "बसला" जास्त. हळूहळू मला वसतिगृहातून निघतानाच हात शिवशिवल्यासारखे वाटायला लागले. बॉल सोडताना मी बोटांचा विचार करेनाशी झाले. संध्याकाळच्या खेळातही मी मारायला लागले, काही बसायचे, काही जायचे, पण ते भिंतीवरचं हसणं कानातून गेलं. सरांनी संघ जाहीर केला त्यात मी होते. मी घरी फोन करून आईला सांगितलं. तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण तिनं चतुर्थीला गणपतीला जाऊन नारळ फोडला आणि शेजारपाजारी खोबरं वाटलं.

स्पर्धा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात होती. इनडोअर हॉल, लाकडी फरशी, डोक्यावर दिवे, आणि दोन्ही रिंगना पांढऱ्याशुभ्र जाळ्या. आमच्यातल्या दोघी-तिघी आत गेल्या गेल्या त्या जाळ्यांकडंच बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "हितं बैल न्हाईत का?" आणि आम्ही सगळ्या खो खो हसलो.

पूर्वार्धात माझं हसणं जिरलं. पहिला शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसरा उजवीकडून गेला. तिसरा मी मारला तेव्हाच मला कळलं की हा तोकडा आहे. जाळी ढिम्म हलली नाही. इतका स्वच्छ उजेड, इतकी स्वच्छ जाळी, आणि चुकलेला बॉल लपायला कुठं जागा नाही. चौथ्यांदा बॉल आला तेव्हा मी तो हातात आल्या आल्या देऊन टाकला. समोरच्या मुलीनं ते बघितलं आणि मला सोडून आत सरकली. सगळं पुन्हा आदल्या वर्षीसारखं झालं.

मधल्या सुट्टीपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. तिथं बसत होते आणि इथं का बसत नाहीत? मग एकदम उमगलं. ही पोरगी मला ताई म्हणते. माझ्याआधी घास घेत नाही. ती माझ्या तोंडावर "गेला" म्हणेल का?

हॉलच्या मागं पाण्याचा नळ होता. तिथं मी तिला गाठलं.

"खरं सांग," मी म्हणाले. "तिकडं आपल्या रिंगवर माझे बसत होते का?"

तिनं ओंजळीतलं पाणी पिऊन संपवलं. तोंड पुसलं. मग म्हणाली, "सुरुवातीला न्हाई बसायचे, ताई."

मला वाटलं होतं ती नाकबूल करेल. तिनं केलं असतं तर बरं झालं असतं.

"मग कावून म्हणत होतीस बसला बसला?"

"पहिल्या दिशी गेला गेला म्हणले व्हते ना मी. आठवतंय का तुमाला? दोन-चारदा म्हणलं तर तुमी बॉल खाली ठिवला आन् बाटलीतलं पाणी पीत बसल्या. परत उचललाच न्हाई. दुसऱ्या दिशी मी म्हणलं, बसला. तर तुमी लगेच दुसरा मारला."

मला संताप आला. मी तिला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण तू मला माकड केलंस असं म्हणाल्याचं आठवतं. इतके दिवस मी जे माझं समजत होते ते माझं नव्हतंच. ते तिच्या जिभेवर होतं, तिनं दया येऊन मला ते रोज सकाळी थोडं थोडं दिलं होतं. आईनं फोडलेला नारळसुद्धा मला खोटा वाटायला लागला. माझे डोळे भरून आले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी नळ सोडून तोंड धुवायला लागले.

ती हलली नाही. ऐकून घेतलं तिनं सगळं. मग म्हणाली, "पुढचं ऐकता का?"

मी नळ बंद केला.

"मंग ते बसायला लागले. खरंच. मला आदुगर कळलंच न्हाई, मी आपली म्हणतच व्हते. मंग एक दिस ध्यानात आलं, आज आपण एकदाबी खोटं बोललो न्हाई. त्या दिशीपासून जे व्हतं तेच म्हणते मी."

"कधीपासून?"

"ते न्हाई आठवत. लई दिस झाले."

आतून शिट्टी वाजली. माझा विश्वास बसत नव्हता, आणि बसवायचा तरी कशाच्या जोरावर? ज्या तोंडानं खोटं बोलली त्याच तोंडानं आता हे सांगत होती. ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ती जायला वळली आणि वळता वळता म्हणाली, "माझ्यावर न्हाई ना भरवसा, मंग ठिवू नका. त्या जाळीला काय तुमी ताई लागत न्हाई. मारा आन् बघा."

पुढच्या काही मिनिटांत मी मारला नाही. खोटं कशाला सांगू. रेघेजवळ मोकळी उभी राहिले, बॉल आला, दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. समोरच्या मुलींनी माझ्याकडं बघणंही सोडलं होतं. सर बाकावरून उठून उभे राहिले, आणि मला माहीत होतं की आता ते मला बाहेर काढणार.

तेवढ्यात तिला रिंगखाली बॉल मिळाला. तिच्या अंगावर दोघी होत्या, तरी तिला सहज मारता आला असता इतकी ती जवळ होती. तिनं मान वळवली आणि नेहमीसारखा मला दिला. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला, की तो बॉल तिच्याकडं परत फेकण्यापेक्षा वर फेकणं मला सोपं वाटलं. मी उडी मारली. वरच्या त्या क्षणाला माझ्या मनात शंका नव्हती, भरवसाही नव्हता, नुसता राग होता. बोटं मोकळी होती.

जाळी हलली. आवाज झाला, सुती साडी झटकल्यावर होतो तसा. माझे बॉल आत गेल्यावर असा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. पंचांनी दोन बोटं वर केली, आमच्या बाकावर गलका झाला, आणि मी सवयीनं रिंगखाली बघितलं, ती काय म्हणते म्हणून.

ती काही म्हणाली नाही. पाठ फिरवून बचावाला पळत सुटली होती.

सामना आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, असं मी अजून सगळ्यांना सांगते. त्यानंतर माझे काही बसले, काही गेले, आणि प्रत्येक वेळी ते मला स्वतःलाच दिसलं. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही, मागं जाऊन झोपली. मीही बोलावलं नाही. मला राग होता की लाज होती की उपकार वाटत होते हे मला गेवराई मागं पडेपर्यंत ठरवता आलं नाही.

आता मी एका शाळेत पोरींना हा खेळ शिकवते, आणि आत्मविश्वास कुठून येतो असं कुणी विचारलं की मला सरळ उत्तर देता येत नाही. आतून येतो म्हणावं तर माझा आतून आला नव्हता. पण दुसऱ्याच्या उसन्या शब्दावर कुणी इतकी उंच उडी मारू शकतं यावरही माझा पुरता विश्वास नाही. मी मारत राहिले एवढंच खरं आहे.

स्पर्धेहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सराव नव्हता. खरं तर माझं त्या कोर्टावरचं कामच संपलं होतं, पुढं परीक्षा होत्या. तरी मी सकाळी गेले. ती माझ्या आधी येऊन रिंगखाली उभी होती, ओढणी कमरेला बांधून. मी रेघेवर आले, डोळे बारीक केले, उडी मारली, आणि बॉल उजेडात नाहीसा झाला.

"गेला," ती म्हणाली.

मी पळत जाऊन बॉल उचलला आणि पुन्हा रेघेवर आले.