मम्मींनी पाय मागे घेतले

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाही. माझा कुणावरच बसत नाही, मी पहिल्यापासून तशीच आहे.

माझं माहेर चिखलीचं. शेती गेली, प्लॉट पडले, दारात गाड्या आल्या, पण माणसं तीच. कोण कुणाकडे गेलं, कशाला गेलं, सगळ्याचा तपास. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होते तेव्हा जोएल भेटला. सरळ माणूस, आवाज न चढवणारा. त्याचे वडील निगडीत पास्टर. मेनोनाइट — म्हणजे ख्रिस्तीच, पण त्यांच्यातही निराळे. मी तर हे नावही आधी ऐकलं नव्हतं. घरच्यांनी आदळआपट केली, मग तयार झाले. लग्न रजिस्टर झालं. धर्म मी बदलला नाही, आणि बदल असं सासरी कुणी म्हणालंही नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. असं कसं कुणीच काही म्हणत नाही?

सासू-सासरे मूळचे छत्तीसगडचे. मी त्यांना मम्मी-पप्पाच म्हणायची. पप्पा तरुणपणी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. तिथं तोफगोळ्यांच्या कवचांचं काम आलं. माणसं मारायच्या वस्तूला हात लावणार नाही, असं म्हणून त्यांनी चालू नोकरी सोडली. तेव्हा जोएल मम्मींच्या पोटात होता. मम्मींनी शिलाई मशीनवर घर ओढलं आणि पप्पांनी भाड्याच्या हॉलमध्ये चटया टाकून प्रार्थनासभा सुरू केली. जेवताना ही गोष्ट हमखास निघायची. आणखी एक निघायची. पप्पांनी रस्त्यात एक अपघात पाहिला होता, म्हणून कोर्टात साक्षीला गेले. शपथ घ्या म्हटल्यावर म्हणाले, मी शपथ घेत नाही, खरं तेवढं सांगतो. त्यांच्यात शपथ नसतेच. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. त्याच्यावर काही लावायचं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली होती.

मम्मी गोड होत्या. इतकं गोड कोण असतं हो? माझ्या देव्हाऱ्यासाठी त्यांनी स्वतः कपाट हलवून जागा केली. मला वाटलं, आज जागा देतायत, उद्या काय मागतील? शनिवारी मारुतीला निघाले की विचारायच्या, बेटा, तेल घेतलंस का. मी जिन्यातून उतरताना त्या एका वाक्याचा कीस काढायची. श्रेया झाल्यावर तर माझी झोपच उडाली. माहेरची आत्या दर फोनला एकच सांगायची, "डोळ्यात तेल घालून ऱ्हा. पोरीला पाण्यात बुडवून किरिस्ताव करत्याल, तुला कळायचं बी न्हाई."

एक दिवस शिफ्ट लवकर सुटली. घरी आले तर बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं. श्रेया स्टुलावर, पुढे टबात पाणी, आणि मम्मी कमरेला टॉवेल बांधून तिच्यापुढे गुडघ्यावर. ओठ पुटपुटत होते. पोरीचे केसही ओले. आवाज न करता मी परत फिरले आणि जिन्यात जाऊन बसले.

जेवणं झाल्यावर जोएलला गाठलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, आमच्यात लहान लेकरांना बाप्तिस्मा नसतोच. मोठं झाल्यावर ज्याचा त्यानं मागायचा असतो. ह्याच्यापायी आमच्या जुन्या लोकांना तिकडे युरोपात जिवानिशी मारलं होतं." मग पाण्याचंही त्यानं सांगितलं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सभेत सगळ्यांनी भाकर वाटून खायच्या आधी त्यांच्यात एकमेकांचे पाय धुतात — बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे. श्रेयानं ते सभेत पाहिलं होतं आणि घरी येऊन माझेपण धू म्हणून आजीमागे हट्ट धरला होता. केस तिनेच पाणी उडवून भिजवले होते.

आता मुद्द्यावर येते. कधीची टाळतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

जोएलला आजही वाटतं की तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. बसला होता. पुरता बसला होता. उभ्या जन्मात एकदाच मला कुणाचं बोलणं जसंच्या तसं पटलं, आणि नेमकं तेच मी लपवलं.

का? कारण मला वेगळं घर हवं होतं. मोशीला फ्लॅट बघून ठेवला होता, आणि जोएल आईवडिलांना सोडायला तयार नव्हता. दुसरं कारण नाही.

श्रेयाच्या वाढदिवसाला माझ्या माहेरची सगळी आली — आई, चुलते, आत्या. केक कापून झाल्यावर मी विषय काढला. बाथरूममध्ये मी डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगितलं, आणि पोरीला बाटवलं म्हणाले. मम्मींच्या हातात बशा होत्या. त्या म्हणाल्या, "नाही, बेटा. मी असं नाही केलं."

मी म्हणाले, "मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या."

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या शपथ घेणार नाहीत हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मागितली. मम्मींनी बशा खाली ठेवल्या. श्रेयाच्या डोक्यापर्यंत हात नेला, केसांवरून फिरवला आणि मागे घेतला.

"नाही म्हणाले ना मी. कसम नाही खाणार, बेटा."

आत्याला तेवढं पुरलं. आमच्यात जो शपथ घेत नाही तो चोर. जोएल समजावत राहिला, त्याचं ऐकतंय कोण? चुलते अंगावर धावून गेले. शेवटी पप्पाच म्हणाले, भांडण नको, तुम्ही वेगळे राहा. महिना पुरा व्हायच्या आत आम्ही मोशीला आलो. श्रेया आजीकडे एकटी कधी राहिली नाही. मी राहू दिलं नाही.

आता वाटेल, इथं संपलं. पण त्या पाय धुण्याचा एक नियम आहे. आपल्याबद्दल कुणाच्या मनात काही असेल तर आधी जाऊन मिटवायचं. मगच पाय धुवायचे, मगच भाकर घ्यायची. पुढचं प्रभुभोजन आलं तेव्हा मम्मी निगडीहून बस बदलत डबा घेऊन आल्या आणि दारातच त्यांनी विचारलं, माझ्याबद्दलचं तुझ्या मनातलं गेलं का. मी म्हणाले, बघू. दर वेळी त्या यायच्या आणि दर वेळी मी बघू म्हणायची. मग त्या सभेत मागच्या खुर्चीवर बसून राहायच्या. भाकर वाटताना पप्पा स्वतःच्या बायकोला वगळून पुढे जायचे. का, हे त्यांनी तिथं कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नाव माझं निघालं असतं. बायका कुजबुजायला लागल्या की पास्टरच्या बायकोचं काहीतरी आहे. रविवारी मुलांना शिकवायचं काम मम्मींकडे होतं, तेही गेलं. हे सगळं माझ्या कानावर येत होतं.

मम्मी जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटी शेवटी त्यांना चालायला आधार लागायचा, म्हणून त्यांच्या शेवटच्या प्रभुभोजनाच्या सभेला मी आणि श्रेया त्यांच्याबरोबर गेलो होतो. श्रेया आता आकुर्डीला कॉलेजात आहे. ती त्यांची सभासद नाही, पण आजीचे पाय धुवायला तिला कोण अडवणार? टब घेऊन ती सरळ मागच्या खुर्चीपाशी गेली आणि गुडघ्यावर बसली.

मम्मींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दारात डबा घेऊन उभ्या राहून पाहायच्या तसंच.

"आई, आजी नको का म्हणते?" श्रेयानं मला विचारलं.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. पप्पा पुढे भाकर हातात धरून थांबले होते. माझ्या मनात काही नाही, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं.

मी पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागले. श्रेया टब उचलून पुढे गेली तरी मी शोधतच होते.