लाल किल्ली आणि बगरूची नीळ

अजमेर रस्त्यानं जयपूरला पोचलो तेव्हा माझ्या अंगावर इतकी धूळ होती, की विद्याधर नगरातल्या ताईनं दार उघडून आधी जीप ओळखली आणि मग मला. कोल्हापूरहून निघालेला मी एकटाच होतो. चारही चाकांना जोर देणारी ही जुनी लष्करी जीप मी लिलावात घेतली, ती वाळवंटात हाकायचीच या जिद्दीनं. बायकोनं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि "मी रेल्वेनं थेट जैसलमेरला येते, तू स्टेशनवर ये," असं सांगून टाकलं. ती परवा संध्याकाळी तिथं उतरणार होती. उद्या सकाळी निघायचं, वाटेत एक मुक्काम करायचा, असं माझं ठरलं होतं.

दाजींना ते मुळीच पटलं नाही. ताईचे यजमान बँकेत अधिकारी. सात वर्षांपूर्वी बदली होऊन जयपूरला आले ते इथंच रमले, असं आम्ही समजत होतो. जेवताना (गट्टे, म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या वड्यांची भाजी, आणि ताईच्या हातची ज्वारीची भाकरी) त्यांनी विचारलं, "जीपला कुलूप कुठाय?"

"नाही. दारंच नाहीत तर कुलूप कुठं लावणार?"

"आणि किल्ली?"

"कुठलीही चालते." मी खरं तेच सांगितलं. कपाटाच्या किल्लीनंही ती सुरू व्हायची.

दाजींनी घास खाली ठेवला. "वाळवंटात गाडी चोरीला गेली तर उंटावरून कोल्हापूर गाठणार आहेस का? बॅटरी तोडणारा स्विच बसवल्याशिवाय तुला सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याऐवजी आम्ही सीकर रोडवर, गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांच्या दुकानात उभे होतो. ताईही आली होती, मंडईत जायचं म्हणून. स्विच साधाच निघाला. बॅटरीची केबल मध्ये तोडायची, दोन टोकं स्विचच्या दोन बोल्टांना जोडायची. लाल प्लॅस्टिकची किल्ली फिरवून काढून घेतली की गाडीत वीजच नाही.

"चाबी निकाली तो समझो गाड़ी मर गई," उस्ताद म्हणाले.

दाजींनी त्यांना पुरतं पिळून काढलं. वीज कुठून येते, कुठून जाते, पाऊस पडला तर काय, चोर हुशार असला तर काय. शेवटी उस्तादांनी जीपला एक फेरी मारली आणि शांतपणे म्हणाले, "साहब, इसे चोर ले भी गया, तो धक्का लगाने आपको ही बुलाएगा."

ताई इतकी हसली की मंडई राहूनच गेली. दाजी हसले नाहीत. स्विच सीटखाली बसवून, तो चारदा बंद-चालू करून बघेपर्यंत दिवस मावळला.

आता माझ्याकडे एकच दिवस उरला होता. पहाटे निघालो तर दाजी-ताई दोघंही तयार. "बगरूपर्यंत येतो, वाटेतच आहे. आम्ही बसनं परत येऊ," दाजी म्हणाले.

बगरूत कापडावर ठसेकाम करणाऱ्यांना छीपा म्हणतात. अशाच एका रामस्वरूपजींच्या अंगणात आम्ही थांबलो. जीप गल्लीतच उभी केली. दाजींनी स्वतः स्विच बंद करून लाल किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. अंगणात दाबू (चिखलाचा लेप) लावलेली कापडं वाळत होती आणि कोपऱ्यात जमिनीत खोल गेलेलं निळीचं कुंड होतं. "कितना गहरा है?" असं विचारत दाजी वाकले. खिशातून पेन पडलं, चष्म्याचं घर पडलं, आणि त्यांच्या मागोमाग किल्ली. पेन आणि घर तरंगली, किल्ली मात्र भरीव, थेट तळाला गेली.

दाजींनी बाही सरसावली, तसे रामस्वरूपजी ओरडलेच. "हाथ मत डालना सा! नीचे की गाद हिल गई तो आज के सारे थान बिगड़ जाएँगे. शाम को निकाल देंगे." तळचा गाळ ढवळला, तर दिवसभराचे तागे वाया जाणार होते.

"दुसरी किल्ली?" मी विचारलं.

दाजी कापडांकडे पाहत म्हणाले, "घरी. बँकेच्या कागदांसोबत, कुलपात."

तेवढ्यात ओल्या कापडांची हातगाडी गल्लीत आली आणि आमच्या जीपमुळे अडकली. मग दाजी, मी, रामस्वरूपजी आणि गाडीवाला, अशा चौघांनी जीप ढकलली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र जैसलमेरचं स्टेशन, सूटकेसवर बसलेली बायको आणि तिचा चेहरा. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं.

"विन्या, पाना आहे का? तेराचा?" ताईनं विचारलं.

मी पान्यांची पिशवी दिली. ताई बी.एस्सी., विषय फिजिक्स. हे घरात सगळ्यांच्या, कदाचित तिच्याही, विस्मरणात गेलं होतं. तिनं पदर खोचला, सीट उचलली. "काल उस्तादांनी सांगितलं तेच. दोन्ही टोकं एकाच बोल्टला लावली, की स्विच असला काय नि नसला काय." पाच मिनिटांत तिनं बोल्ट आवळला. मी बटण दाबलं आणि जीप धडधडू लागली.

रामस्वरूपजींनी हात जोडले. दाजी मात्र पडक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे चोरालाही हे जमेल?"

"जमेल की," ताई हात पुसत म्हणाली. "त्याचं फिजिक्स बरं असेल तर."

दाजी कुंडाशी पहारा देत थांबले. ताई मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली. "रागावू नकोस त्यांच्यावर. सात वर्षांत माहेरचं-सासरचं कुणी दोन रात्री राहिलं नाही रे इथं. पोरंसुद्धा त्यांना हिंदीतच उत्तर देतात. परवा तू आलास, आणि रात्री मला म्हणाले, याला एक दिवस तरी कसा थांबवायचा?"

मी नुसती मान हलवली आणि गिअर टाकला.

जैसलमेरला दीड तास उशिरा पोचलो. बायको खरंच सूटकेसवर बसली होती, चेहराही मी कल्पिला होता तसाच. पण ताईचा पराक्रम ऐकून ती विरघळली. पुढचे आठ दिवस वाळूत जीप तीनदा रुतली, चोर मात्र एकही फिरकला नाही.

घरी परतल्यावर मी जयपूरला फोन लावला. खरं तर प्रवासभर मनात घोळत होतं, की आपण लोकांना पोस्टकार्डावर दोन ओळी टाकतो आणि पाहुणचार फेडला असं समजतो. म्हणून मीच आधी म्हणालो, "दाजी, दिवाळीत पुन्हा येतोय. या खेपेला दोघंही."

पलीकडून दाजी म्हणाले, "ये. मी चौकशी करून ठेवलीय. जीपला दारं बसवून घेऊ. चांगलं काम करायचं म्हटलं, तर आठ-दहा दिवस लागतात बरं का."