सुलभाला दिलेली तीन रोपं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझी गच्ची पाहिलेली नाही – पाहिलीत तर आधी तिचंच कौतुक कराल, आणि मी ते ऐकत बसेन.

गच्ची आहेच तशी. नागावात, जिथे खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गजसुद्धा गंजतात, तिथे माझ्याकडे दोनशेच्या वर सक्युलंट आहेत, म्हणजे पानांत पाणी साठवणारी जाड पानांची रोपं. गुलाबासारखी पाकळ्या मिटून बसलेली, मण्यांच्या माळेसारखी लोंबणारी, कडांना लाली चढलेली. कोकणातल्या पावसात ही जगत नाहीत, असं रोपवाटिकेवाला मला तोंडावर म्हणाला होता. पहिली दोन वर्षं माझी सगळी कुजली. मग शिकले – कुणी शिकवलं नाही. मातीत निम्म्याहून जास्त खडी आणि विटांचा चुरा. वर पारदर्शक पत्रा. पावसाळाभर पाण्याचा थेंब नाही. गळलेलं एक पान नुसतं मातीवर ठेवलं आणि त्याला केसासारखी गुलाबी मुळं फुटली, त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून वर बोलावलं होतं. अभिमान वाटला. आजही वाटतो – तो खोटा नाही.

पण सुलभा…

सुलभा माझी मैत्रीण, मूळची थळची. अलिबागला एकाच कचेरीत आम्ही सव्वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. तिच्या हाताला काय गुण होता म्हणून सांगू! काडी खोचली तरी जगायची. तिची अबोली, तिची मिरी, तिची वेलची केळी – डबा खाताना त्याचंच बोलणं, आणि मी ऐकणारी. निवृत्तीनंतर तिचे गुडघे गेले. थळची बाग भावाकडे सोपवून ती अलिबागला फ्लॅटमध्ये राहायला आली. बागेच्या जागी एक खिडकी, खिडकीला एक कट्टा.

एकदा ती माझ्याकडे आली. गच्चीचा जिना दोनदा टेकत चढली. म्हणाली, "अगं, ह्यातलं एक दे मला. वाकायला नको, खणायला नको. माझ्यासाठीच केलीत बघ ही झाडं."

दिलं. चांगलं टपोरं रोप दिलं. निघताना तिने विचारलं, "मातीत काय घालू?"

काय सांगितलं असेल मी? – आत्ताही हात अडतोय लिहिताना. म्हटलं, "नारळाच्या सोडणांचा भुसा भरपूर घाल. आणि रोज सकाळी पाणी, चुकवू नको."

भुसा पाणी धरून ठेवतो. मला ठाऊक होतं. रोप महिन्याभरात सडणार, हेही ठाऊक होतं.

सडलं. ती दुसरं न्यायला आली, तेव्हा तरी खरं सांगायचं ना? मी म्हणाले, पाणी कमी पडलं असेल. तिसऱ्या वेळीही तेच. तीनदा – म्हणजे ही चूक नव्हे. चौथं रोप पुढे केलं तेव्हा तिनेच हात मागे घेतला. "नको. माझ्या हातात आता काही राहिलं न्हाय."

ते ऐकून मला वाईट वाटलं का? वाटलं, नंतर. आधी – आनंद झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं, जे सुलभाला जमत नव्हतं.

पुढे आमच्या महिला मंडळाने माझा सत्कार केला. बोलायला सुलभाच उभी राहिली. "हिने मला तीनदा रोपं दिली, तिन्ही मी मारली. हाताला गुण आहे तो हिच्याच." टाळ्या पडल्या. मी हसून हात जोडले, शाल घेतली. ती शाल अंगावर घेताना मान ताठ होती माझी.

हल्ली कुणीही रोप न्यायला आलं, की मी सगळं नीट कागदावर लिहून देते. सुलभाला मात्र अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. खिडकीच्या कट्ट्यावर तिने बाजारातून आणलेली प्लास्टिकची सक्युलंट मांडली होती, हुबेहूब. ओल्या फडक्याने त्यांच्यावरची धूळ पुसत म्हणाली, "ही तरी मरायची न्हाईत." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बरी दिसतात ना? तुला कळतं त्यातलं."

मी म्हणाले, "छान दिसतात."