तंबूतला बापूस

एक अख्खा दिवस माझा बाप मिशीवाला होता. चांगल्या झुपकेदार मिशा, डोक्यावर कोळ्याची टोपी, दात काढून हसणारा. चौलच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत मीच त्याला पसंत केला होता. दुसऱ्या दिवशी तो हातचा गेला.

आमचा कोळीवाडा किहीमच्या जवळ. मी रांगत होते तेव्हा बापूस दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला, आणि ती होडी परत आली नाही. चार दिवसांनी एक फळी किनाऱ्याला लागली, माणूस एकही लागला नाही. म्हणजे शेवटचं तोंड बघणंसुद्धा आईच्या नशिबात नव्हतं. घरात फोटो म्हणाल तर तोही नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी बापसाची पक्की समजूत. त्याची एकट्याचीच कशाला, आमच्या सगळ्या आळीची.

आता मी पडले जन्माची चोंबडी. बाप बघितला नाही म्हणजे काय, तो कसा दिसायचा हे मला कळलंच पाहिजे. एकानं सांगावं नाक केवढं मोठं, दुसऱ्यानं म्हणावं, छे ग, चांगलं बसकं होतं. कुणी म्हणे काळा, कुणी म्हणे गव्हाळ. आईचं मात्र उत्तर ठरलेलं: "आरशान बघ. तुजाच तोंड."

मासळी घेऊन ती वाडीतल्या घरांवर जायची. तिथं एक बाई होत्या, त्यांनाही तिनं हेच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगोबाई, पितृमुखी आहे होय? मग सुखी होईल हो." आईला तो शब्द फार आवडला. बोलता यायचा नाही धड, 'पितरमुखी' म्हणायची, म्हणजे मी सर्वपित्रीला जन्मल्यासारखी. पण जो भेटेल त्याला सांगायची.

मग मी आरशात बघायची. तळहाताएवढा आरसा, त्यात एका वेळी एक डोळा नाहीतर निम्मं नाक. त्यातून बाप जुळवायचा. एकदा तव्याची काजळी बोटाला लावून ओठावर मिशा काढल्या, तेव्हा जरा जवळपास आल्यासारखं वाटलं. आईनं कानाखाली वाजवली. तिचं माझ्याशी वाजायचं ते दोनच गोष्टींवरून. एक या नसत्या चौकशा, आणि दुसरं म्हणजे माझं उभं राहणं. एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभी राहायची मी, कुठंही, पाण्याला गेले तरी. "बगल्यावानी नको उभी राऊस, पोरीच्या जातीला शोभत नाय," म्हणून पोटरीवर चापट बसायची.

मी दहाएक वर्षांची असेन. मामा मुंबईला गोदीत कामाला होता, तो एक दिवस अचानक दारात. आई बोंबील साफ करत होती. मामानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाय, तुला खोटा वाटल," तो म्हणाला, "पन भावजी सिनेमान हाय. मी बघला."

आईचा हात थांबला.

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी किहीमच्या किनाऱ्यावर एक सिनेमा कंपनी आली होती. तिला होडी हवी होती आणि होडी ढकलायला माणसं. तेव्हा बापसाची स्वतःची होडी होती. ती घेऊन तो गेला होता हे आईला ठाऊक होतं. पण तो फोटोला उभा राहील यावर तिचा विश्वास बसेना.

"अग, सिनेमान मानूस हलतो," मामा म्हणाला. "हलत्या मानसाचा आयुष्य कमी व्हत नाय. भावजीच बोल्ला व्हता मना."

तोच सिनेमा आता जुना होऊन तंबूत आला होता आणि चौलच्या दत्ताच्या जत्रेत लागणार होता. मामा आम्हाला न्यायलाच आला होता.  उरलेले बोंबील आईनं तसेच शेजारणीला देऊन टाकले. शेजारीण बोंबील घेऊन वर विचारते, "नवरा गेलेली बाई तू, सिनेमाला चालली?"

"सिनेमाला नाय चालले," आई म्हणाली. "घोवाला बघाया चालले."

 शेजारीण बोंबील घेऊन घरात गेली.

अलिबागपर्यंत चालत गेलो, तिथून एस.टी. नागावच्या वाड्यांतून जाताना मी मामाचं डोकं खाल्लं. किती वेळ दिसतो? बोलतो का? आपल्याकडे बघतो का? मामा सुरुवातीला उत्तरं देत होता, नंतर झोपेचं सोंग घेतलं. "डावीकडनं तिसरा," एवढंच शेवटी म्हणाला. आईनं चौलला उतरल्यावर विहिरीवर तोंड धुतलं, केस सोडून पुन्हा बांधले, पदर दोनदा नीट केला. मला हसू आलं. बघायचं आपण त्याला होतं, तो थोडाच आपल्याला बघणार होता.

तंबूत पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये कापडाची कनात. झालं. ज्यानं बाप दाखवायचा तो मामाच पलीकडे गेला.

सिनेमा घरगुती, रडका. एका बाईचा मुलगा लहानपणी हरवतो. ती गावोगाव त्याला शोधत फिरते, आणि तो भलत्याच घरी भलत्याच नावानं वाढतो, आपण कोण हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. बायका नुसत्या मुसमुसत होत्या. आई कोरडी. "रडते कशाला ही?" ती मला म्हणाली. "जिता हाय ना पोर तिचा?"

मग समुद्र आला. आमचा समुद्र, आमची सुरूची झाडं. तो मुलगा होडीत बसून आईकडे परत निघतो आणि पाचसात माणसं होडी पाण्यात ढकलतात. मी डावीकडून मोजलं. तिसरा मिशीवाला. थेट माझ्याकडे बघून हसला. आणि गेला.

माझा आनंद पोटात मावेना. रीळ बदलायला दिवे लागले तशी मी म्हटलं, "आये, केवढी मिशी ग त्याची!"

"कोनाची?"

मी सांगितलं.

"तो? तो मेला आपल्या गावचापन नाय."

"मग कुठला बापूस?"

आईनं पदरानं डोळे पुसले. "होडी दिसली, तो मिशीवाला दिसला, आन डोल्यान पानी आला," ती म्हणाली. "फुडचा काय दिसलाच नाय मना."

बाहेर आल्यावर तिनं मामाला धरला. तेव्हा कुठं तो खरं बोलला. त्यानं ओळखली होती होडी, बापूस नव्हे. होडी भावजींची, म्हणजे भावजीही असणार, आणि त्यातल्या त्यात तो मिशीवाला बरा दिसला. आईनं त्याची जी काढली ती मी इथं लिहीत नाही. मामाला सकाळी कामावर परतायचं होतं. तो गेला, आई राहिली. जत्रेत सुकी मासळी विकायला आमच्याकडच्या बायका आल्या होत्या, त्यांच्याजवळ आम्ही पडलो. दुसरा दिवसभर मी त्या मिशीवाल्याला मनातून सोडला नाही. कुणी सांगावं, आईच चुकत असेल.

संध्याकाळी पुन्हा तंबूत. आईनं माझा हात घट्ट धरला. "होडी आली का चिमटा काढ," म्हणाली, "रडाया लागले तर."

होडी आली. मी चिमटा काढला, चांगला पिळून काढला. मिशीवाला हसला, बाकीचेही सगळे आमच्याकडे तोंड करून. फक्त मागे, होडीच्या टोकाला, एक माणूस समुद्राकडे तोंड करून होता. काल मी त्याला मोजलंसुद्धा नव्हतं. होडी हलली, थोडी सरकून अडली, आणि माणसं लाटेची वाट बघत थांबली. त्यानं एक हात होडीवर टेकला. एक पाय उचलला आणि दुसऱ्या गुडघ्याला लावून उभा राहिला.

"आला," आई म्हणाली.

लाट आली, होडी गेली, पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं. आई पदर तोंडाला लावून हसत होती, पण हसताना खांदे हलतात तसे ते हलत नव्हते.

"फिरला नाय मेला," ती म्हणाली. "एकदा फिरला असता तं काय झाला असता? आयुष्य राखत व्हता."

आम्ही सिनेमा पुरा बघितला नाही. बाहेर कंदिलांच्या उजेडात ती खाली बसली आणि आपणहून बोलली. इतक्या वर्षांत बोलली नव्हती.

"मना त्याचा तोंड आठवत नाय ग. कवाचा नाय आठवत. आवाज आठवतो, हात आठवतान, तोंड गेला. म्हनून आले मी."

"पण माझं तोंड..."

"तुजा तोंड माज्या आयशीचा हाय. लोक इचारायचे तवा म्हनायची बापसाचा. म्हनता म्हनता मनापन खरा वाटाया लागला. तुज्याकर बघून त्याला आठवायची मी."

मला भयंकर राग आला. आधी मिशा गेल्या, आता तोंडही गेलं, वर मी पितृमुखीसुद्धा नाही. इतकी वर्षं मी त्या आरशात काय आजीला शोधत होते? मी तिच्याशी बोलले नाही. तिनं रेवड्या घेऊन दिल्या, त्या खाल्ल्या, पण बोलले नाही.

सकाळी नाक्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. मी फुगून तिच्याकडे पाठ करून उभी, एक हात आंब्याच्या खोडाला टेकलेला. किती वेळ गेला कोण जाणे. नेहमीची चापट बसली नाही, म्हणून माझ्या ध्यानात आलं की माझा पाय वर गेलाय. मी मागे बघितलं. आईनं टोपली खाली ठेवली होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी सवयीनं पाय खाली घेतला.

"नको," ती म्हणाली. "तशीच उभी ऱ्हा. तिकरं तोंड करून."

मी तोंड फिरवलं, पाय उचलला आणि उभी राहिले. एस.टी. आली, थांबली. कंडक्टरनं, येताय का बाई, म्हणून विचारलं.

"जाऊ दे," आई त्याला म्हणाली. "दुसरी येल."