नंतर सांगतो
मुलुंडच्या कारखान्यात प्रेस मशीनवर वीस वर्षं काढली आणि गुणाजीचे कान गेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे हसले की तो विचारायचा, "काय झालं रे?"

"काही नाही, नंतर सांगतो."

त्यांचं ते नंतर कधी उजाडलंच नाही. मग त्याने विचारणं सोडलं. इतरांचे खांदे हलले की आपणही हसायचं, एवढंच शिकला.

त्र्याऐंशी सालच्या एका दुपारी हातातला कागद वाचताना सोबत जेवणाऱ्या दत्तारामचे खांदे हलू लागले. गुणाजी मोठ्याने हसला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

दत्ताराम उठून त्याच्यासमोर येऊन बसला आणि सावकाश ओठ हलवत म्हणाला, "गावाहून तार आलीय. आई गेली रे माझी."

गुणाजीचा घास हातातच राहिला. कान गेल्यापासूनच्या आठ वर्षांत कुणी समोर बसून त्याला सांगितलेली ही पहिलीच गोष्ट होती.